ओल्या हाताची भाकरी

परातीशेजारी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीकडे नवख्याचे लक्ष सहसा जात नाही. चूल दिसते, तवा दिसतो, पिठाचा शुभ्र ढीग दिसतो, फोडणीचा वास तर उंबऱ्यावरच गाठतो. वाटी तेवढी बिनबोभाट बाजूला असते. पण पेण तालुक्यातल्या डोलवीच्या परिसरात, खाडीकाठच्या एखाद्या आगरी घरी तांदळाची भाकरी शिकायला बसायचा योग आला, तर रसिकाने आपले अवधान प्रथम या वाटीवर ठेवावे. घरची काकू बोलता बोलता तीत बोटे बुडवते, तळहात ओला करते, पुन्हा पिठाकडे वळते, आणि हे इतक्या सहजपणे चालते की त्यात काही शिकवले जात आहे असे वाटतच नाही. प्रत्यक्षात सगळा पाठ त्या ओलाव्यातच असतो. किती पाणी, कोणत्या क्षणी, किती वेळ, या तीन प्रश्नांभोवती हे स्वयंपाकघर उभे आहे. आणि थोडे थांबून पाहिले तर घराबाहेरचा सगळा मुलूखही त्याच तीन प्रश्नांची उत्तरे देत उभा राहिलेला आहे.

हा मुलूख बहुतेकांनी गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. मुंबई-गोवा महामार्गावर पेण मागे पडते, वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, रस्त्याकडेला पोह्याचे पापड, मिरगुंडे, कडवे वाल आणि हंगामात पांढऱ्या कांद्यांच्या माळा दिसतात, आणि तेवढ्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या नजर व्यापून टाकतात. इस्पात उद्योगाने उभारलेला आणि २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेलेला हा कारखाना आज वर्षाला एक कोटी टन पोलादाच्या क्षमतेचा आहे. त्याचा माल आंबा नदीच्या मुखाशी, धरमतर खाडीच्या धक्क्यावर बार्जमधून उतरतो. एवढ्या प्रचंड आकड्याच्या शेजारी एका भाकरीच्या पिठाचा विचार करणे हास्यास्पद वाटेल. पण प्रमाणाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तर दोन्हीकडे उष्णतेचा आणि अचूक क्षणाचाच खेळ आहे, आणि भाकरीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: तिथे आपल्याला हात घालता येतो.

प्रवासात स्थानिक माणसाच्या घरी स्वयंपाक शिकणे हा जगभर आता रुळलेला उपक्रम आहे. थायलंडच्या चिआंग माईत किंवा इटलीच्या तोस्कानात आधी बाजारफेरी, मग अंगावर ॲप्रन, शेवटी हातात छापील कृती असा त्याचा नेटका क्रम असतो. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, त्यानेही पाहुण्याने शेतावर राहावे, घरचे खावे याला वाट मोकळी करून दिली. तरीही कोकणातल्या घरी हा वर्ग वर्गासारखा भरत नाही. त्याला फळा नाही, तास नाही. पाहुण्याने कुतूहलाने दोनदा विचारले की तिसऱ्यांदा उत्तर मिळत नाही, पाट सरकवला जातो. पाहुण्याला कामाला लावणे हा आपल्याकडे एरवी अनादर. इथे मात्र तोच सर्वांत मोठा सन्मान ठरतो, कारण ज्याच्या हातात पीठ दिले, तो बैठकीच्या खोलीतून आत आला.

आता आधणाकडे पाहू. पातेल्यात पाणी उकळते, त्यात चिमूटभर मीठ पडते, आणि पाणी खळखळू लागले की तांदळाचे पीठ एका लोटात त्यावर सोडून, उलथन्याच्या दांड्याने दोन-चार वेढे देऊन, झाकण ठेवले जाते. पाणी साधारण पिठाइतकेच, किंचित मागेपुढे. हा क्षण वरवर घाईचा आहे, पण त्याच्या पोटात मोठी युक्ती दडली आहे. गव्हाच्या कणकेला ताणून धरणारे चिवट प्रथिन तांदळात नसते; कोरडे पीठ थंड पाण्यात भिजवले तर ते थापता थापता कडेने फाटत जाते. उकळते पाणी त्यातल्या पिष्टाला फुगवते, चिकटपणा जागा करते आणि कणाला कण धरून ठेवायला लावते. काकू हे काही सांगत नाही. ती झाकण उचलते, वाफेत बोट घालून पाहते आणि म्हणते, “आता मळ. गरम हाय तवर मळ.” त्या एका वाक्यात सगळे रसायन येऊन जाते, शिवाय चटका सोसण्याची सूचनाही येते. गरम उकड मळताना हात पुन्हा पुन्हा पाण्यात जातो. पाणी पिठासाठी असते तितकेच ते हातासाठीही असते.

मग थापणे. आणि इथे आपण खरोखर रेंगाळायला हवे. या भागातल्या अनेक घरांत भाकरी परातीतल्या पिठीवर न थापता दोन ओल्या तळहातांवर वाढवली जाते. लिंबाहून मोठा गोळा उजव्या तळव्यावरून डाव्यावर जातो, डाव्यावरून उजव्यावर येतो. प्रत्येक फेरीत तो केसभर पसरतो आणि केसभर फिरतो. टप् टप् असा जो आवाज येतो, त्याची लय एकसारखी असते, पण दाब एकसारखा नसतो: मध्ये हलका, कडेला थोडा अधिक, कारण कड नेहमी जाड राहू पाहते. कडेला चीर पडताच ओले बोट तिच्यावरून फिरते आणि ती बुजते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूच्या मूर्तीच्या गालावरून कारागिराचे ओले बोट जसे फिरते, तसेच हे फिरणे. मातीतून रूप काढणारा आणि पिठातून गोल काढणारा असे दोन्ही हात एकाच तालुक्यात घडावेत, हा योग मला फार मनोहर वाटतो. दोघांनाही ठाऊक आहे की पाणी कमी पडले तर तडा जातो आणि जास्त झाले तर आकार ढळतो.

तव्यावर पडल्यानंतरही पाण्याचे काम संपत नाही. लोखंडी तवा असो की मातीची खापरी, भाकरी टाकताच तिच्या पाठीवरून ओला हात अलगद फिरतो आणि क्षणभर ती आरशासारखी चकाकते. ती चकाकी मावळू लागणे, हीच उलटण्याची खूण. चकाकी असतानाच उलटली तर ती तव्याला धरते. पूर्ण सुकू दिली तर पाठ करकरीत होऊन फुगणेच विसरते. मधला जो क्षण आहे, त्याला घड्याळात जागा नाही. काकू त्याला “बग, आता” म्हणते. दुसऱ्या भाकरीला पुन्हा “आता” म्हणते, आणि चौथ्या-पाचव्या वेळी तिच्या आधी आपल्याच तोंडून तो शब्द निघतो, तेव्हा ती नुसती मान हलवते. आत कोंडलेले पाणी वाफ होऊन वर उठते, वरचा पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. इतका वेळ बाहेरून लावलेले पाणी अखेर आतून बोलते, असे म्हणायला हरकत नाही.

या पाण्याच्या भानाचा उगम शोधत आपण स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलो, की खारपाट समोर येतो. धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना भरतीचे पाणी जिथे पूर्वी मोकळे शिरत होते, तिथे माणसांनी मातीचे बांध घालून शेत मिळवले आहे. बाहेरचा बांध समुद्राच्या पाण्याला अडवतो. बांधातल्या उघाड्या ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडतात आणि भरती चढली की मिटतात. पहिला पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो, मगच भाताला जीव धरता येतो; पुष्कळ ठिकाणी रोप लावण्याऐवजी मोड आणलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत चालते. बांधाला खांड पडून खारे पाणी आत आले, तर एका रात्रीत गेलेले शेत पुन्हा पिकते व्हायला वर्षे लागतात. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण काढले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावाने एकत्र येऊन बांधाला माती घालण्याची शिस्त इथे होती. गोड पाणी किती धरायचे, खारे किती दूर ठेवायचे, उघाडी केव्हा उघडायची, याचा निवाडा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला, त्याच्या स्त्रियांच्या तळहातांना पाण्याचा अंदाज असावा यात नवल ते काय!

भाकरीच्या जोडीला वालाचे बिरडे शिकायचे, तर पाण्याचा दुसरा स्वभाव भेटतो: इथे घाई नाही. भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तेवढ्यावरच वाल वाढतो; त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, आणि जाणते खाणारे सांगतात की त्याच्या कडवटपणाला गोडी येते ती याच काटकसरीतून. घरात आल्यावर मात्र त्याला मनसोक्त पाणी मिळते. रात्रभर भिजणे, सकाळी फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवणे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून सोलणे. दाबताच साल बोटांत राहते आणि हिरवट-पिवळी डाळिंबी पुढ्यात घरंगळते. या सोलण्याइतका उत्तम वर्ग दुसरा नाही. हात गुंतलेले, नजर मोकळी, आणि काम इतके एकसुरी की गप्पांना ऊत यावा. कोणत्या बाजारातले वाल टणक निघतात, माहेरी बिरड्यात काय घालत, खाडीत जिताडा मासा पूर्वी किती मोठा मिळे, मे महिन्यात मसाला कुटायला कोण कोण येते, हे सगळे सालींच्या ढिगाबरोबर वाढत जाते. छापील कृतीत या अवस्थेला एकच ओळ मिळते, ‘वाल सोलून घ्यावेत’. त्या ओळीच्या पोटात एक आख्खी दुपार मावलेली असते.

फोडणीचे सोपस्कार आपण भरभर ओलांडू: तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला. थांबायचे आहे ते झाकणापाशी. डाळिंब्या परतून झाल्या की पातेल्यावर खोलगट ताटली ठेवतात आणि त्या ताटलीत पाणी ओततात. वरच्या पाण्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होते आणि डाळिंब्यांवर हळूच उतरते. इकडे ताटलीतले पाणी तापत राहते, आणि भाजीला रस हवा झाला की तेच ओतले जाते. गार पाणी ओतले असते तर शिजणारा दाणा दचकला असता, असे काकू सांगते, आणि दाण्याविषयीचे ते ‘दचकणे’ ऐकून आपल्यालाही पळी जपून फिरवावीशी वाटते. डाळिंबी मऊ व्हावी पण मोडू नये, या एका अपेक्षेसाठी केवढी हळुवार यंत्रणा! शेवटी आमसूल, गुळाचा खडा, ओले खोबरे, कोथिंबीर. आमसूल आधी पडले तर दाणा शिजायला कुरकुरतो, म्हणून त्याचा मान शेवटचा. कडू, आंबट, गोड, तिखट हे चौघे एका पळीत येतात आणि भाकरीचा मवाळ, जवळजवळ अबोल स्वाद त्यांना बसायला जागा देतो.

मराठीत पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा काही थोडकी नाही. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ आले, १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरांत नेऊन, आईपासून दूर संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींचा धीर वाढवला. त्या ग्रंथांचे ऋण मोठेच आहे. मात्र पुस्तक लिहिते तेव्हा सगळ्या वाचकांसाठी एकच वाटी धरते. घरची शिकवण समोर बसलेल्याचे हात पाहते. कुणाचा तळवा गरम, त्याला पाणी वारंवार लागते. कुणाची बोटे लांब, त्याची भाकरी लवकर पसरते पण मध्ये पातळ पडते. काकूच्या सूचना म्हणूनच त्रोटक असतात. ती पाठ सांगत नसते, आपल्या हातांचे वाचन करत असते, आणि नेमके तिथेच एक ‘हां’ किंवा ‘अजून’ ठेवून देते. अशा एका अक्षराच्या अध्यापनाची गोडी ज्याने चाखली, त्याला लांबलचक कृती वाचताना काहीतरी उणे वाटत राहते.

आणि या शिकवणीतला सर्वांत लोभस भाग असा की ती शिकवणारीचीही पुरी झालेली नसते. दरवर्षी कापणी होते, नवे भात गिरणीत जाते, नवे पीठ डब्यात येते, आणि नव्या तांदळाचे पीठ जुन्याहून कमी पाणी मागते. गेल्या वर्षीचा अंदाज तसाच चालवला तर उकड सैल होते. त्यामुळे चाळीस वर्षे भाकरी करणारी बाईसुद्धा नव्या पिठाची पहिली भाकरी थोडी बिचकत, थोडी कुतूहलाने करते. पाणी हात राखून घालते, उकड चिमटीत धरून पाहते, मग मनाशी काहीतरी ठरवते. किती पाऊस झाला, दाणा किती भरला, भात किती वाळले, याचा सगळा हिशेब त्या चिमटीत तिला लागतो. आपण पाहुणे म्हणून शेजारी बसलेलो असलो, तर त्या दिवशी शिकणारी माणसे घरात दोन असतात. म्हणून डोलवीच्या बाजूला असा पाट मिळवायचा असेल तर थंडीत जावे: नवे तांदूळ दळून आलेले असतात, शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, त्याच शेंगा भाजायच्या पोपटीची मडकी लागलेली असतात, आणि काकूला स्वतःलाच नव्या पिठाचे पाणी ठरवायचे असते.