मधल्या इयत्तेचा वाचक

परकी भाषा शिकणाऱ्याचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात तो बाजारहाट करण्यापुरते बोलू लागतो, तिसऱ्यात तो साहित्य वाचतो. मधल्या टप्प्यात त्याने नेमके काय करावे, याविषयी विद्यापीठांचे अभ्यासक्रम पुष्कळदा गोंधळलेले दिसतात. फ्रेंचच्या बाबतीत या टप्प्यावर अनेक ठिकाणी एक पुस्तक हाती दिले जाते : आल्बेर काम्यूची १९४२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी 'लेत्रांजे'. वाक्ये आखूड, शब्द रोजच्या वापरातले, पृष्ठसंख्या बेताची. फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याही हाती ती याच कारणास्तव आली. सोपी म्हणून नेमलेल्या या कृतीचा खरा वाचक हा मधल्या इयत्तेतला, कोश उघडून अडखळत वाचणारा विद्यार्थीच आहे, असे मला वाटते. आणि तेच येथे मांडायचे आहे.

प्रथम काळाचा प्रश्न घेऊ. फ्रेंचमध्ये भूतकाळाची दोन रूपे शिकावी लागतात. 'पासे सँप्ल' हा लिखित कथनाचा काळ. बोलण्यात तो जवळजवळ येत नाही. 'पासे कोंपोझे' हा बोलण्याचा काळ; तो सहायक क्रियापद आणि कृदन्त मिळून होतो. काम्यूने आपल्या नायकाला, मर्सोला, हा दुसरा काळ दिला. सार्त्रने १९४३ सालच्या आपल्या लेखात या निवडीचे मर्म सांगितले आहे : या काळामुळे प्रत्येक वाक्य बेटासारखे सुटे राहते, एका घटनेतून दुसरी निघत नाही. रोलां बार्थने १९५३ साली पासे सँप्लविषयी लिहिताना हीच गोष्ट उलट बाजूने दाखवली. त्या काळात सांगितलेले जग आधीच सुसूत्र झालेले असते. मराठीत 'तो आला' हे गप्पांतही चालते आणि गोष्टीतही. त्यामुळे मराठी अनुवादात हे सुटेपण सहज विरून जाते. ते जाणवते मूळ वाचणाऱ्याला, आणि त्यातही, नुकतीच दोन्ही रूपे घोकलेल्या विद्यार्थ्याला.

परंतु मराठी वाचकाच्या पदरी काही जमेच्या बाजूही आहेत. फ्रेंच कर्म क्रियापदाच्या आधी आले की कृदन्त कर्माचे लिंग-वचन घेते. इंग्रजीतून शिकणारा तेथे घुटमळतो. 'पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली' असे जन्मभर बोलणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. याहून मोलाची जमेची बाजू म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'.

कादंबरीत एका चिठ्ठीचा प्रसंग आहे. रेमों हा शेजारी मर्सोकडून एका स्त्रीला चिठ्ठी लिहवून घेतो. तिला गोड बोलून परत बोलवायचे आणि मग अपमान करून हाकलायचे, असा त्याचा बेत आहे. तो तिचे नाव सांगतो आणि नाव ऐकताच ती अरब आहे हे मर्सोला कळते. पण ते नाव तो वाचकाला सांगत नाही. चिठ्ठी वाचून झाल्यावर रेमों त्याला एकदम 'तू' म्हणू लागतो, आणि ही गोष्ट मर्सोच्या थोडी उशिरा ध्यानात येते. इंग्रजीत एकच सर्वनाम. तेथे अनुवादकाला ही सलगी समजावून द्यावी लागते. आपल्याला ती कानाने कळते. दोन पुरुषांतले 'तू' येथे एका निनावी स्त्रीच्या किमतीवर जमलेले असते. पुढे मर्सोच्या गोळ्यांनी मरतो तो तिचा भाऊ. त्यालाही नाव नाही. खटल्याच्या वेळी मर्सो आईच्या अंत्ययात्रेत रडला नाही याची चर्चा होते, मृताविषयी बोलायला एकही अरब साक्षीदार उभा राहत नाही.

सफाईने वाचणारा या ठिकाणी ऊन, समुद्र आणि अर्थशून्यता यांच्या ओघात पुढे जातो. प्रत्येक नामाचे लिंग तपासणारा विद्यार्थी मात्र थबकतो आणि साधा प्रश्न विचारतो : या माणसाचे नाव काय? कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने २०१३ साली याच प्रश्नावर फ्रेंचमध्येच एक कादंबरी उभी केली आणि मृताच्या भावाला बोलते केले.

यावर असे म्हटले जाईल की, हे मौन मर्सोचे आहे, काम्यूचे नव्हे. काम्यूने १९३९ साली काबिली प्रदेशातल्या दैन्यावर वृत्तपत्रातून कळकळीने लिहिले होते, हे खरेच आहे. त्याला ते लोक दिसत नव्हते असे कोणी म्हणू नये. पण हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. पत्रकार काम्यूला जे दिसले, त्याला कादंबरीकार काम्यूने निवेदकाच्या आड ठेवले. आणि निवेदकाचे मौन इतके मोहक घडवले की पिढ्यानपिढ्यांच्या वाचकांना ते मौन आहे हेच जाणवले नाही. कलेचे हे यश आहे, आणि तिच्यावरचा आक्षेपही तोच आहे.

याचा दोष निम्मा अध्यापनाकडेही जातो. भाषेच्या तासाला व्याकरण आणि 'संस्कृती'च्या तासाला राज्यक्रांती, द्राक्षमळे, चीज व कॅथीड्रल अशी वाटणी झाली की अल्जीरिया कोणत्याच तासाला येत नाही. १८३० पासून १९६२ पर्यंतची ती सत्ता फ्रेंच संस्कृतीबाहेरची कशी? आपल्याला तर हे लांबचे नाही. १९५४ साली भारताच्या हाती आलेल्या पाँडिचेरीचे हस्तांतरण कायद्याने पुरे झाले तेही १९६२ सालीच. फ्रेंच भाषा आपल्या देशात केवळ पॅरिसच्या वाटेने आलेली नाही.

म्हणून 'लेत्रांजे' मधल्या इयत्तेतून काढावी असे मी म्हणणार नाही. ती तेथेच राहावी. फक्त ती सोपी आहे असे विद्यार्थ्याला सांगू नये. सर्वनाम कोणाला मिळाले, नाव कोणाला मिळाले नाही आणि काळ कोणता वापरला, एवढे तीन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत. व्याकरणाचा तास आणि संस्कृतीचा तास त्या प्रश्नांपाशी आपोआप एक होतात.