ठाणे : वाङ्मयेतिहासातील एक ‘उपनगर’

मराठी वाङ्मयेतिहासाच्या लेखनात मुंबई आणि पुणे ही दोन केंद्रे गृहीत धरून अन्य स्थळांना त्यांच्या छायेत बसविण्याची रीत रूढ आहे. ठाण्याच्या वाट्यास ‘मुंबईचे उपनगर’ एवढीच ओळख येते. शासकीय व्यवहारातदेखील ही संज्ञा त्यास लागू नाही. १९९० साली निर्माण झालेला मुंबई उपनगर जिल्हा मुलुंडपाशीच संपतो. शिलाहारांच्या लेखांत या नगराचा निर्देश ‘श्रीस्थानक’ असा येतो. ‘स्थानक’ – ‘ठाणअ’ – ‘ठाणे’ ही परिणती प्राकृताच्या नियमांस धरून आहे. ज्या शब्दाचा अर्थच मुक्कामाचे ठिकाण, त्याच्यामागे ‘उप’ हा उपसर्ग लावणे हा विनोदच म्हणावा लागेल.

व्युत्पत्तीने वाङ्मयीन महत्त्व सिद्ध होत नाही, हे खरे. त्यासाठी कालक्रम पाहावा. बोरीबंदरहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आली. तेव्हापासून जे जे नवे ते मुंबईहूनच ठाण्यास आले, असे सहज मानले जाते. परंतु ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि इलाख्याच्या राजधानीतील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. मुंबईने ठाण्याचे अनुकरण केले असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. मात्र केंद्राकडून परिघाकडे हा प्रवाहाचा एकमार्गी नकाशा येथे टिकत नाही, एवढे निश्चित.

या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ याच संदर्भात वाचावयास हवा. त्याचे प्रथम रूप मुंबईत नव्हे, तर कोल्हापूरच्या ‘ग्रंथमाले’त प्रकट झाले, विस्तृत आवृत्ती १९१९ ची. या ग्रंथाचे गुण आणि दोष दोन्ही संग्राहकाच्या वृत्तीतून उपजलेले आहेत. एकही मराठी कवी हातून सुटू नये ही तळमळ पानोपानी जाणवते, आणि त्यामुळेच थोर व सामान्य यांतील भेद कित्येकदा पुसट होतो. शैली रसाळ आहे, क्वचित रसाळपणाच युक्तिवादाची जागा घेतो. कालनिर्णयाच्या बाबतीत तर पुढील संशोधनाने पुष्कळ दुरुस्त्या केल्या आहेत. तथापि अप्रसिद्ध कवींना इतिहासात जागा देणारी ही दृष्टी, मराठी पुस्तक केवळ मराठी म्हणून जतन करणाऱ्या संग्रहालयाच्या दृष्टीपासून वेगळी काढता येत नाही. भाव्यांच्या ग्रंथाची चिकित्सा करणारे अभ्यासक त्यांच्या संतप्रेमाची चर्चा विस्ताराने करतात. या संग्रहालयाचा उल्लेख मात्र चरित्रपर टिपेत उरकतात.