डच समासांतील अक्षरविभागणी व आघात

डच समासात आघात पहिल्या अक्षरावर येतो, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान ढोबळ आहे. सामान्यतः आघात पहिल्या पदावर, तोही त्याच्या मूळ आघातस्थानी, येतो. 'मिनिस्तर-रात' (मंत्रिमंडळ) यात तो 'निस्'वर आहे. 'स्तात-हौस' (नगरभवन) यासारख्या अपवादांत मात्र तो उत्तरपदावर जातो. आघातावरून पदसीमा ओळखता येते, हे गृहीत तर त्याहून लंगडे. 'वाल्-कौल' (सापळ्याचा खड्डा) व 'वाल्क्-औल' (ससाण्यासारखे घुबड) यांचे लेखन एक, आघातस्थानही एक. भेद केवळ विभागणीचा. प्रत्ययापुढे सीमा टिकत नाही, समासात टिकते. 'हान्त' (हात) याचे बहुवचन 'हान्-दन्'. 'हान्त्-आर्बैत' (हस्तश्रम) यात मात्र 'त' पुढील स्वराकडे सरकत नाही आणि सघोषही होत नाही.