फ्लिन फ्लॉनचा संघ आणि त्याची कथा

कादंबरीतील नायकाच्या नावावरून गावाचे नाव पडावे, असा प्रकार आमच्या तरी फारसा पाहण्यात नाही. कॅनडात मॅनिटोबा प्रांताच्या पश्चिम सीमेवर फ्लिन फ्लॉन नावाचे खाणीचे गाव आहे. जे. ई. प्रेस्टन मडक यांनी १९०५ साली ‘द सनलेस सिटी’ नावाची एक कादंबरी लिहिली. तिचा नायक जोसाया फ्लिंटाबॅटी फ्लोनाटिन पाणबुडीत बसून अथांग सरोवरात उतरतो आणि सोन्याने मढलेल्या पाताळनगरीत पोचतो. वाङ्मय म्हणून ही कृती सामान्यच. तिची एक फाटकी प्रत रानोमाळ धातू शोधत हिंडणाऱ्या माणसांच्या हाती लागली, आणि पुढे तांब्या-जस्ताचा साठा सापडला तेव्हा त्यांना तो नायक आठवला. त्या प्रतीची शेवटची पाने गळालेली होती, असे सांगतात.

या गावाच्या ‘बॉम्बर्स’ या संघाची हकीकत आइस हॉकीचे रसिक मोठ्या हौसेने सांगतात; परंतु बहुधा एकाच साच्यात. खडकाळ गाव, कणखर पोरे, दिग्विजय. मग मोठ्या शहरांचा पैसा आला आणि सारे लयाला गेले. ही मांडणी आम्हांला पटत नाही. ती खोटी आहे असे नव्हे. पण तिला खलनायक बाहेरून आणावा लागतो.

उत्कर्ष खरोखरच देदीप्यमान होता. १९२७ साली स्थापन झालेल्या या संघाने १९५७ साली ओटावा-हलच्या बलाढ्य संघाला सात सामन्यांच्या झुंजीत नमवून मेमोरियल चषक जिंकला. तरुणांच्या हॉकीत कॅनडात याहून मोठा मान नाही. पुढे १९६७ साली संघ पश्चिमेकडील नव्या साखळीत आला आणि पॅडी गिनेल यांच्या शिकवणुकीखाली १९६९ व १९७० अशी लागोपाठ दोन वर्षे तिचा विजेता ठरला. बॉबी क्लार्क हा गावचाच मुलगा. त्याने १९६७-६८ च्या हंगामात १६८ गुण मिळवले, तर रिव्हर्टनहून आलेल्या रेजी लीचने ८७ गोल केले. क्लार्कला मधुमेह होता. म्हणून १९६९ च्या निवडीत व्यावसायिक संघ कचरले आणि सोळा नावे पुकारली गेल्यावर फिलाडेल्फियाने त्याला घेतले. त्याच क्लार्कच्या नेतृत्वाखाली १९७४ व १९७५ साली स्टॅन्ली चषक फिलाडेल्फियाला गेला. कणखरपणाचे गोडवे गाणारे मात्र १९७२ साली त्याने रशियाच्या खार्लामोव्हच्या घोट्यावर हाणलेला फटका हळूच वगळतात. तोही त्याच कणखरपणाचा भाग नव्हे काय?

आता कारणे पाहू. पोरांना खाणीच्या कंपनीत काम मिळे. खाण होती म्हणून गाव होते आणि गाव होते म्हणून प्रेक्षागार भरे. विनिपेग तेथून सुमारे साडेसातशे किलोमीटर. पाहुणा संघ रात्रभर गाडीत अंग आंबवून उतरे आणि अर्धा सामना तेथेच हरे. तरुण संघात विशीच्या आसपास वय सरले की खेळाडूला जावेच लागते. हाताशी आलेला मोहरा दरसाल निघून जातो. बदलीचा हुकूम हाती पडताच ज्यांच्या नाट्यमंडळाचा नायक गाशा गुंडाळतो, त्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.

म्हणजे जे अंतर संघाची ढाल होते तेच पुढे त्याच्या गळ्याशी आले. साखळी पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरली. प्रवास वाढला, पण काही हजार वस्तीच्या गावाचे प्रेक्षागार वाढून किती वाढणार? एस्टेव्हनचा संघ १९७१ साली न्यू वेस्टमिन्स्टरला गेला, स्विफ्ट करंटचा १९७४ साली लेथब्रिजला. १९७८ साली फ्लिन फ्लॉनचा संघही एडमंटनला हलला. शहरांनी तो हिरावून नेला असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः खेळ मोठा झाला आणि गाव होते तेवढेच राहिले.

सांगणारे येथे थांबतात. आमची खरी तक्रार हीच आहे. त्याच नावाचा संघ त्याच गावात खालच्या पायरीवर पुढे खेळत राहिला, सस्कॅचवानच्या साखळीत गेला आणि १९९३ साली तिचा विजेता झाला. २०१० साली तांब्याची भट्टी विझली, २०२२ साली गावची शेवटची खाण बंद झाली. ज्या खाणीपायी गाव वसले ती गेली आणि संघ उरला. ऐन उमेदीची पंचवीस वर्षे लिहिण्यास लेखण्या पुष्कळ मिळाल्या. व्हिटनी फोरमच्या बर्फावर खाणीविना रंगणारे सामने पाहून पुढचे प्रकरण कोणी लिहिले, तर ते आम्ही आधी वाचू.