चित्रपटाश्रित कादंबरी : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

एखाद्या कादंबरीवरून चित्रपट निघाला म्हणजे आपली समीक्षा तत्काळ सावध होते. मूळ कृतीशी दिग्दर्शकाने किती इमान राखले, कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे पुसट केली, याची चर्चा आपण हिरिरीने करतो. 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकावरून १९५३ साली आलेला चित्रपट, अथवा भीष्म साहनींच्या 'तमस'वरून गोविंद निहलानींनी १९८८ साली सिद्ध केलेली मालिका, यांविषयी बोलताना मूळ ग्रंथ हे प्रमाण आणि पडदा ही त्याची परीक्षा, हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु प्रवासाची दिशा उलटी झाली, म्हणजे आधी पडदा आणि त्याच्या आधाराने ग्रंथ असा क्रम आला, की हीच समीक्षा मौन पत्करते. असा ग्रंथ तिला चित्रपटाच्या जाहिरातीचा एक भाग वाटतो. खेळणी, घड्याळे, टोप्या यांच्या दुकानात त्याची जागा आहे, ग्रंथालयात नाही, असे ती मनोमन ठरवून टाकते. हा निवाडा पुरावा न तपासता दिलेला आहे आणि त्यामुळे आपले काही वाङ्मयीन नुकसान होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या प्रकाराला 'चित्रपटाश्रित कादंबरी' असे नाव येथे योजिले आहे. यातील आश्रय कालक्रमाचा नाही. पुष्कळदा अशी कादंबरी चित्रपटाच्या आधीच बाजारात येते. 'किंग काँग' हा चित्रपट १९३३चा, परंतु डेलॉस लव्हलेस यांनी लिहिलेले त्याचे कादंबरीरूप १९३२ सालीच प्रसिद्ध झाले होते. आश्रय आहे तो प्रामाण्याचा. कथा अमुक तऱ्हेने घडली हे सांगण्याचा अंतिम अधिकार येथे पडद्याकडे असतो, लेखकाकडे नसतो.

आता पहिला आक्षेप असा की, जे दुसऱ्या कलेचे उच्छिष्ट आहे त्याला स्वतंत्र कलामूल्य कोठून येणार? परंतु परावलंबन हा दोष मानला तर आपल्याच परंपरेतील बरीच पाने फाडावी लागतील. गुणाढ्याची पैशाची भाषेतील 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागर' आणि क्षेमेंद्राने 'बृहत्कथामंजरी' रचली, म्हणून त्या नष्ट ग्रंथाची कल्पना आपण करू शकतो. सोमदेवाला कोणी आश्रित म्हणून हिणवीत नाही. इंग्रजीत चार्ल्स व मेरी लँब या भावंडांनी शेक्सपिअरची नाटके गोष्टीरूपाने सांगितली ती १८०७ साली. दृश्यकाव्याचे श्रव्यात रूपांतर करण्याचाच तो उद्योग होता. तेव्हा कृती कशावर आधारली आहे हा प्रश्न गौण होय. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना लेखकाला कोणती नवी अडचण आली आणि ती त्याने भाषेच्या बळावर कशी सोडविली, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

या दृष्टीने ग्रॅहम ग्रीनचे 'द थर्ड मॅन' पाहण्यासारखे आहे. कॅरल रीड दिग्दर्शित चित्रपट १९४९चा. कथा पुस्तकरूपाने आली १९५० साली. ग्रीनने ती वाचकांसाठी लिहिलीच नव्हती. पटकथेच्या तुटक, सूचनावजा लेखनात पात्रांचा स्वभाव आणि वातावरण प्रथमतःच पकडता येत नाही, म्हणून आधी कथा लिहून पाहावी, असा त्याचा हेतू होता. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने चित्रपटच अधिक सरस असल्याचे मोकळेपणाने मान्य केले. लेखकाचा हा विनय आपण प्रमाण मानावा काय? दोन्ही कृतींचे शेवट ताडून पाहिले तर उत्तर मिळते. कथेच्या अखेरीस मार्टिन्स आणि ॲना हातात हात गुंफून निघून जातात. चित्रपटात ॲना स्मशानभूमीच्या त्या लांबलचक रस्त्याने चालत येते आणि मार्टिन्सकडे न पाहता पुढे निघून जाते. येथे रीडचा विजय निर्विवाद आहे, आणि ग्रीननेही तो कबूल केला. परंतु कथेत एक गोष्ट अशी आहे की जी पडद्यावर तशी उतरलेली नाही. संपूर्ण कहाणी कॅलोवे हा पोलीस अधिकारी सांगतो. ज्याच्या व्यवसायाने त्याला माणसाविषयी फारशी आशा ठेवू दिलेली नाही, अशाच्या तोंडून एका भाबड्या मित्रनिष्ठेची गोष्ट ऐकताना वाचकाच्या मनात करुणा आणि उपहास यांचे जे मिश्रण तयार होते, ते निवेदकाच्या स्वरातून निर्माण झालेले आहे. तो स्वर हे भाषेचे धन आहे. म्हणजे एकाच कथेत पडदा एका ठिकाणी सरस ठरतो, तर ग्रंथ दुसऱ्या ठिकाणी. हा तौलनिक विवेक करणे समीक्षेचे काम आहे.

आर्थर क्लार्कच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'ची कथा याहून निराळी आहे. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिकचा चित्रपट आणि क्लार्कची कादंबरी ही दोन्ही एकाच काळात, परस्परांच्या सहवासात घडली. तरीही दोहोंचा पिंड भिन्न आहे. हॅल हा संगणक यानातील माणसांच्या जिवावर का उठतो, हे चित्रपट सांगत नाही. मोहिमेचा खरा हेतू लपविण्याची आज्ञा आणि सत्य सांगण्याची त्याची मूळ घडण यांतील संघर्षाने तो बिघडला, असे कादंबरी सांगते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर अद्भुताचा स्थायी भाव विस्मय होय, आणि कारणाचा उलगडा झाला की विस्मय ओसरतो. या न्यायाने कादंबरीचे नुकसान झाले असे वाटेल. पण यंत्राची ती आपत्ती समजून घेताना हॅलविषयी जो कळवळा उत्पन्न होतो, तो कादंबरीची स्वतंत्र कमाई आहे. पुढची एक घटना तर अत्यंत बोलकी आहे. कादंबरीतील यान शनीकडे जाते, चित्रपटातील गुरूकडे. १९८२ साली क्लार्कने उत्तरकथा लिहिली तेव्हा त्याने स्वतःच्या कादंबरीतील शनी सोडून चित्रपटातील गुरू स्वीकारला. प्रामाण्य पडद्याकडे असते, असे वर म्हटले त्याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण. एवढ्या मान्यवर लेखकालाही स्वतःच्याच ग्रंथापेक्षा लोकांच्या डोळ्यांत ठसलेली प्रतिमा बलवत्तर मानावी लागली.

ग्रीन आणि क्लार्क हे नामवंत झाले. या प्रकाराची खरी परीक्षा मात्र ज्यांना मुदतीत, ठरावीक पानांत आणि बहुधा चित्रपट न पाहताच लिहावे लागते, अशा लेखकांच्या कामावरून केली पाहिजे. 'स्टार वॉर्स'ची कादंबरी १९७६च्या अखेरीस, चित्रपटापूर्वी काही महिने, प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर नाव होते जॉर्ज लुकासचे; लिहिणारा होता ॲलन डीन फॉस्टर. अशा लेखकाच्या हाती पटकथेचा कच्चा खर्डा असतो. साहजिकच, पडद्यावर जाण्यापूर्वी कापले गेलेले प्रसंग ग्रंथात टिकून राहतात. नायक ल्यूक आणि त्याचा बालमित्र बिग्ज यांची आरंभीची भेट या कादंबरीत आहे, चित्रपटात नाही. जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळविण्यात आयुष्य वेचणाऱ्या विद्वानांच्या देशात या गोष्टीचे महत्त्व विशद करण्याची गरज नसावी. चित्रपटाच्या घडणीतील एक पूर्वपाठ येथे छापील स्वरूपात जतन झाला आहे.

याहून हृद्य उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचे आहे. मालिका १९६३ साली सुरू झाली. पुढे बीबीसीने जुन्या फिती पुसून टाकल्या. नव्वदांहून अधिक भाग आजही गहाळ आहेत. त्या भागांच्या कथा पुढील पिढ्यांतील असंख्य वाचकांना भेटल्या त्या प्रामुख्याने टार्गेट या प्रकाशनाने १९७३पासून काढलेल्या स्वस्त पुस्तकांतून. त्यांतील साठांहून अधिक पुस्तके टेरन्स डिक्स या एकाच लेखकाची आहेत. त्याचे गद्य साधे, वेगवान, अनलंकृत आहे. त्यात शैलीची मिजास नाही. याच मालेत पुनर्मुद्रित झालेले डेव्हिड व्हिटेकरचे १९६४चे पुस्तक मात्र अधिक धीट आहे. पडद्यावरील दुसरी कथा ग्रंथात पहिली म्हणून सांगायची होती. तेव्हा त्याने आरंभच नवा रचला, धुक्याने भरलेल्या माळावरील अपघातापासून कथा सुरू केली आणि ती एका पात्राच्या प्रथमपुरुषी निवेदनात सांगितली. आश्रित लेखकाला स्वातंत्र्य नसते असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावे. सोमदेवाच्या बाबतीत जे काळाने केले, तेच येथे एका संस्थेच्या काटकसरीने केले: मूळ गेले, आश्रित उरले.

आता वस्तूंकडे वळू. चित्रपटावरून निघणाऱ्या वस्तूंचा व्यापार जुना आहे. मिकी माऊसचे मनगटी घड्याळ १९३३ साली निघाले. १९५५च्या सुमारास डेव्ही क्रॉकेटच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे अमेरिकेतील मुलांनी रॅकूनच्या कातड्याच्या टोप्यांचा ध्यास घेतला होता. १९७७च्या नाताळात 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या वेळेवर तयार झाल्या नाहीत, तेव्हा केनर कंपनीने एक पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यात एक चित्रफलक आणि बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच मिळतील असे हमीपत्र होते. बाहुली एकही नव्हती. वस्तूशिवायही वस्तूची अभिलाषा विकता येते, हे त्या पाकिटाने सिद्ध केले. आपल्याकडे 'शोले'नंतर (१९७५) पॉलिडोरने काढलेली संवादांची ध्वनिमुद्रिका अफाट खपली आणि गब्बरसिंग बिस्किटांच्या जाहिरातीतही अवतरला. ही दोन्ही अपत्ये एकाच चित्रपटाची, परंतु त्यांची जात एक नव्हे. बिस्किटाने चित्रपटाकडून केवळ ओळख उसनी घेतली. ध्वनिमुद्रिकेने मात्र सलीम-जावेद यांचे शब्द दृश्यापासून वेगळे काढून श्रोत्यांच्या कानांपुढे ठेवले, आणि ते शब्द दृश्याविना उभे राहू शकतात हे दाखवून दिले. येथे आपल्याला एक निकष हाती लागतो. जी वस्तू मूळ अनुभवाची केवळ आठवण करून देते ती व्यापाराची. जी मूळ अनुभवाचा एखादा घटक नव्याने अनुभवाला आणून देते ती समीक्षेची. या निकषावर अनेक चित्रपटाश्रित कादंबऱ्या नापास होतील, हे मान्य केलेच पाहिजे. पटकथेतील संवादांना 'तो म्हणाला', 'ती हसली' अशी ठिगळे लावून सजविलेली पुस्तके रगड आहेत. पण कनिष्ठ नमुन्यांवरून अवघ्या प्रकाराची किंमत करणे हा न्याय आपण भावगीताला किंवा ऐतिहासिक कादंबरीला लावीत नाही.

एक नैतिक प्रश्नही येथे टाळता येत नाही. अशा लेखनाचा स्वामित्वहक्क बहुधा चित्रसंस्थेकडे असतो. लेखक मोबदल्याचा धनी, कृतीचा नव्हे. १९७६ साली ज्याचे नाव मुखपृष्ठावर आले नाही, त्या फॉस्टरला २०२० साली आपल्या जुन्या पुस्तकांच्या मानधनासाठी जाहीर दाद मागावी लागली. मूळ संस्था विकत घेणाऱ्या डिस्ने कंपनीने हक्क घेतले पण देणी नाकारली, अशी अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेची तक्रार होती. पुढे ते प्रकरण मिटले. समीक्षकांनी ज्या लेखनाला लेखन म्हणून मोजले नाही, त्याच्या कर्त्याला व्यापाऱ्याने लेखक म्हणून का मोजावे? आपल्या मौनाची ही किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

भारतीय भाषांच्या संदर्भात हा विचार अधिकच निकडीचा आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'मेरा नाम जोकर' (१९७०) आणि 'बॉबी' (१९७३) यांना कादंबरीरूप दिले. गुलजारांनी आपल्या चित्रपटांच्या पटकथा 'मंज़रनामा' या नावाने वाचनीय वाङ्मय म्हणून प्रसिद्ध केल्या. मराठीत मात्र ओघ मुख्यतः पुस्तकाकडून पडद्याकडेच राहिला. 'सिंहासन' (१९७९) काय किंवा 'स्वामी'वरील मालिका काय, ग्रंथ आधी होता. तथापि चित्रपटगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या आपल्याकडेही घरोघर पोचल्या. कथासार, पात्रांची नावे आणि पदे एवढाच त्यांचा ऐवज. कोणी त्यांना वाङ्मय म्हटले नाही. परंतु 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही, आणि त्या काळातील शेकडो चित्रपटांची हीच गत झाली आहे. त्यांचे जे काही उरले ते छायाचित्रांत, जाहिरातींत आणि छापील कागदांत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ सालच्या स्थापनेपासून जे धन गोळा केले त्यात या चोपड्याही आहेत. ज्याला आपण केर समजलो तो इतिहासाचा साक्षीदार ठरला.

यावरून प्रत्येक चित्रपटाश्रित पुस्तकाला पुरस्कार द्यावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मागणी एवढीच की अशा ग्रंथांची नोंद व्हावी, कर्त्याचे नाव शोधले जावे, मूळ चित्रपटाशी त्यांची पाठतुलना व्हावी, आणि भाषेने येथे काय मिळविले, काय गमावले, याचा निर्णय ग्रंथ वाचून दिला जावा. आपल्या विद्यापीठांत रूपांतराचा अभ्यास होतो तो ग्रंथाकडून पडद्याकडे. त्याच रस्त्याने उलट चालून पाहण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आश्रिताचे गुणदोष आश्रयदात्याच्या वैभवावरून ठरवू नयेत, हा दरबारी काव्याच्या बाबतीत आपण कधीच मान्य केलेला न्याय आहे. तो आता पडद्याच्या दरबारालाही लागू करावा.