‘स्वच्छ साधन’ : एका वर्गीकरणाची चिकित्सा

तरुण स्त्रियांच्या मासिक पाळीतील साधनांविषयी लिहिताना अभ्यासक सामान्यतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आधार घेतात. त्याच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) 15 ते 24 वयोगटातील सुमारे 78 टक्के स्त्रिया ‘स्वच्छ साधन’ वापरतात. चौथ्या फेरीत (2015–16) हे प्रमाण सुमारे 58 टक्के होते. ही वाढ निःसंशय लक्षणीय आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘स्वच्छ’ या विशेषणासंबंधी.

सॅनिटरी नॅपकिन, स्थानिक बनावटीचे नॅपकिन, टॅम्पॉन व कप या वस्तू सर्वेक्षणाने स्वच्छ मानल्या असून कापड वगळले आहे. स्वच्छता हा येथे वापराचा गुण न राहता वस्तूचा गुण ठरतो. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविलेले कापड अस्वच्छ, आणि दिवसभर न बदललेला पॅड मात्र स्वच्छ, असा विपरीत निष्कर्ष त्यातून निघतो.

त्याच अहवालानुसार सुमारे 50 टक्के तरुणी कापड वापरतात. स्वच्छ गटाबाहेर केवळ 22 टक्के उरत असल्यामुळे निदान 28 टक्के तरुणी कापडाबरोबर अन्य साधनही वापरतात, हे उघड आहे. केव्हा कोणते आणि का, याचा उलगडा मात्र या वर्गीकरणातून होत नाही.

हा उलगडा किती आवश्यक आहे, ते लोअर परळच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींच्या मूळ रचनेत कुटुंबास सुमारे 160 चौरस फुटांची एकच खोली, आणि संडास मजल्यावर सामाईक. अशा घरात कापड उन्हात घालणे म्हणजे ते चारचौघांच्या दृष्टीस पाडणे; कप उकळायचा तो स्वयंपाकाच्या शेगडीवर; वापरलेला पॅड न्यायचा तो शेजाऱ्यांच्या दारांवरून. जुलै 2018 मध्ये नॅपकिनवरील 12 टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्याने किमतीचा भार हलका होईल, आडोशाची उणीव भरून निघणार नाही. तेव्हा जे बाहेरून अज्ञान भासते, ते पुष्कळदा परिस्थितीचा अचूक हिशेब असू शकेल.

म्हणून साधनाच्या नावाबरोबरच ते किती तासांनी बदलले, कोठे धुतले, कोठे वाळविले व कोठे टाकले, हेही विचारले पाहिजे. त्यावाचून तरुणींच्या ज्ञानाविषयी निर्णय देण्याचा अधिकार संशोधकास पोहोचत नाही.