‘वय’ या शब्दाची चिकित्सा : गोराईचा खडक, सौंसरचे मँगनीज आणि भाषेचे कालमापन

खनिजांच्या किरणोत्सर्गी कालमापनाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘वय’ हा एकच शब्द किमान तीन भिन्न अर्थांनी योजिला जातो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा आहे, भूविज्ञान नव्हे. तथापि हा दोष मुळात भाषेचा असल्यामुळे, आणि त्याची झळ आपल्या शास्त्रालाही पोचली असल्यामुळे, त्याचा परामर्श येथे घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. गोराईला लागूनच असलेल्या मनोरीस ट्रॅकाइट नावाचा ज्वालामुखीजन्य खडक उघडा पडलेला आहे. मुंबईच्या ट्रॅकाइटांचे आर्गॉन-पद्धतीने केलेले मापन २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ते सुमारे ६ ते ६.२ कोटी वर्षांपूर्वीचे ठरतात. म्हणजे दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरही, जो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाला, या किनाऱ्यावर अग्निक्रिया चालू होती. हा लाव्हा त्वरेने निवला व पुढे त्याचे मोठे रूपांतरण झाले नाही. म्हणून येथे खडकाचा जन्म आणि त्याचे निवणे या घटना जवळजवळ एकाच क्षणी येतात, आणि ‘वय’ हा शब्द निर्वेधपणे चालतो.

नागपूर, भंडारा व छिंदवाडा या पट्ट्यातील सौंसर शैलसमूहात मात्र तो चालत नाही. तेथील मँगनीज प्रथम गाळाच्या रूपाने साचले, नंतर भूगर्भातील उष्णता व दाब यांनी त्याचे रूपांतरण झाले. लेविस फर्मर यांनी १९०९ च्या आपल्या बृहद्ग्रंथात या खडकांना गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव रूढ केले. या धातुकांतील हॉलंडाइट या खनिजात पोटॅशियमचा अंश सापडतो. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याच्या क्षयातून आर्गॉन वायू निर्माण होतो. स्फटिक पुरेसा तप्त असेपर्यंत हा वायू निसटून जातो. एका विशिष्ट तापमानाखाली तो आत कोंडला जातो, आणि तेथून काळाची मोजणी सुरू होते. सीतापार येथील हॉलंडाइटाच्या आर्गॉन-मापनाने शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा काल दिला. हा आकडा गाळ साचल्याचा नव्हे. रूपांतरणानंतर खनिज निवल्याचा तो आहे. ‘सौंसरच्या मँगनीजचे वय शंभर कोटी वर्षे’ असे जो लिहितो, तो आकडा बरोबर देतो आणि विधान चुकीचे करतो.

निरनिराळी खनिजे निरनिराळ्या उष्णतेपर्यंत आपली नोंद राखतात. मॉलिब्डेनाइटातील ऱ्हेनियम-ऑस्मियमची नोंद पुष्कळ उष्णता सोसूनही टिकते. अभ्रकातील आर्गॉनची लवकर पुसली जाते. म्हणून एकाच खडकाने दोन आकडे दिले, तर त्यांतील एक खोटा मानण्याचे कारण नाही. त्यांच्यामधील अंतर हाच रूपांतरणाचा इतिहास होय. अशा लेखनात ‘स्फटिकनवय’, ‘रूपांतरवय’ आणि ‘शीतनवय’ असे तीन शब्द योजावेत, असे मी सुचवितो. संज्ञा वाढतात हा आक्षेप खरा आहे. परंतु तीन घटनांना एक नाव देऊन घटना एक होत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. १९५० नंतरच्या काळात मॉरिस स्वॉडेश यांनी किरणोत्सर्गी कालमापनाच्या धर्तीवर भाषांचे कालमापन मांडले. शंभर मूलभूत शब्दांपैकी सुमारे ८६ दर हजार वर्षांनी टिकतात, असे त्यांचे गृहीतक होते. १९६२ साली बेर्गस्लान्ड व फोग्ट यांनी आइसलँडिकसारख्या भाषांच्या आधारे दाखवून दिले की हा वेग सर्वत्र सारखा नाही. अणूच्या क्षयाला भोवतालच्या दाबाची वा उष्णतेची पर्वा नसते. शब्दाला समाजाची असते. म्हणजे उसनवारी केली ती नेमकी चुकीच्या अंगाची.

उसने घेण्यासारखे होते ते दुसरेच : प्रत्येक घटकाचे घड्याळ वेगळ्या तापाला शून्यावर येते, हे तत्त्व. मराठीची राजव्यवहाराची शब्दावली फारसीच्या संपर्काने पार बदलली, आणि शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने ती पुन्हा संस्कृताकडे वळविण्याचा यत्न केला. त्याच काळात विभक्तिप्रत्ययांची घडण बव्हंशी अभंग राहिली. शब्दसंग्रहावरून काढलेला काल आणि प्रत्ययांवरून काढलेला काल भिन्न येणारच. परळ येथील शिलाहार अपरादित्याच्या शके ११०८ च्या लेखातही शिळेचे वय, लेखाचे वय आणि त्याच्या अखेरच्या मराठी ओळींतील भाषेचे वय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मराठी किती जुनी?’ या प्रश्नाला एकच आकडा देऊ पाहणारे प्रबंध याच ठिकाणी फसतात.

फर्मर यांनी सीतापारवरून ‘सीतापाराइट’ असे एक खनिजनामही दिले होते. ते खनिज पूर्वीच वर्णिलेले बिक्सबाइटच आहे असे पुढे ठरले आणि ते नाव मागे पडले. नाव गेले, खनिज राहिले. संज्ञा तपासून पाहण्याचे असे धैर्य भूविज्ञानाने दाखविले आहे. आपणही आकडा लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे वय नेमके कोणत्या घटनेचे?